कॉम्प्युटर आपला, कागदपत्रे लोकांची

२०२५ च्या नोव्हेंबरमधली गोष्ट. परभणीतल्या एका झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात आम्ही एका मुतवल्ली चाचांसोबत बसलो होतो. वक्फ मालमत्तांच्या नोंदीसाठी ६ जूनला सुरू झालेल्या उम्मीद पोर्टलची सहा महिन्यांची मुदत संपत आली होती. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. चाचांच्या शेरवानीच्या खिशात रुमालात गुंडाळलेला पेन ड्राइव्ह होता. त्यात निजामकाळातला मुंतखब, सातबारा, फेरफार असे मशिदीच्या जमिनीचे सगळे कागद स्कॅन करून ठेवलेले. दुकानदार पोराने पेन ड्राइव्ह लावला आणि स्क्रीनवर फोल्डरऐवजी छोटे बाण असलेले शॉर्टकट दिसू लागले. त्यातले एकही उघडेना.

"गए क्या बेटा सब?" चाचांनी विचारले.

"कुछ नै हुआ चाचा, शॉर्टकट वायरस है," असे म्हणत त्याने दोन मिनिटांत फाइल्स परत आणल्या. चाचांनी दुआ दिली, वीस रुपये जास्तीचे दिले. सगळे खूश झाले.

घरी येताना आमच्या मनात मात्र वेगळेच प्रश्न होते. चाचांचा पेन ड्राइव्ह सकाळपर्यंत ठीक होता, म्हणजे तो बिघडला तो याच दुकानाच्या कॉम्प्युटरला लावल्यावर. पोराने फाइल्स परत आणल्या, पण रोग ज्या यंत्रात होता ते यंत्र तसेच चालू राहिले आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह त्यालाच लागला. त्याच कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर 'न्यू फोल्डर' नावाचे चार-पाच फोल्डर होते. त्यात कुणाकुणाची आधार कार्डे, बँक पासबुके, जातीचे दाखले, निकाहनामे. लोक फॉर्म भरून निघून गेले होते आणि कागद तिथेच राहिले होते.

व्हायरसवर लिहिताना बहुतेक लेख 'तुमचा कॉम्प्युटर', 'तुमचा पासवर्ड', 'तुमचे पैसे' या भाषेत बोलतात. शहरातल्या नोकरदारासाठी ते बरोबरही असेल. आपल्या जिल्ह्यात, परभणीत काय, जिंतूर-गंगाखेड-सेलूत काय, कॉम्प्युटर क्वचितच एकट्याचा असतो. तो दुकानाचा असतो, पतसंस्थेचा असतो, शाळेच्या क्लार्कचा असतो, मशीद कमिटीचा असतो. घरातला लॅपटॉप असला तरी त्यावर शेजारच्या तीन घरांतल्या मुलांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म भरलेले असतात. अशा यंत्राची निगा राखणे ही मालकाची खासगी बाब उरत नाही. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, अमानत. कुणी विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू.

शॉर्टकट व्हायरस करतो काय, ते आधी समजून घेऊ. तो फाइल्स पुसत नाही. पेन ड्राइव्हमधले खरे फोल्डर लपवतो आणि त्यांच्याच नावाचे शॉर्टकट तयार करतो. माणूस सवयीने त्या शॉर्टकटवर दोनदा क्लिक करतो. क्लिक होताच लपलेली छोटी फाइल चालते, कॉम्प्युटरमध्ये घर करते आणि त्यानंतर जो पेन ड्राइव्ह लागेल त्याचेही तेच करते. आपल्याकडे याला 'किरकोळ व्हायरस' म्हणायची पद्धत आहे. पण अशाच पद्धतीने पसरणाऱ्या जेन्क्सकस नावाच्या प्रकाराविरुद्ध मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये अमेरिकी न्यायालयात जाऊन कारवाई केली. कारण शॉर्टकट हा फक्त दरवाजा होता. आत शिरल्यावर तो दूर बसलेल्या माणसाच्या हातात कॉम्प्युटरचा ताबा देत असे. फोल्डर परत आले म्हणजे व्हायरस गेला, असे होत नाही. आधी यंत्र साफ करायचे आणि मग पेन ड्राइव्ह. आपण नेमके उलटे करतो.

थोडे मागे गेलो तर गंमत दिसते. पर्सनल कॉम्प्युटरवर पसरलेला पहिला व्हायरस १९८६ चा, लाहोरच्या दोन भावांचा. 'ब्रेन' त्याचे नाव. आपल्या सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रती कोण काढतो हे पाहण्यासाठी तो बनवला, असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्यात त्यांनी स्वतःचे नाव, पत्ता, फोन नंबरही लिहून ठेवला होता! त्यानंतर काही वर्षांनी इकडे महाराष्ट्रात, मूळचे रहिमतपूरचे आणि दहावीनंतर कॅल्क्युलेटर-रेडिओ दुरुस्तीचे काम शिकलेले कैलास काटकर पुण्यात दुरुस्तीचे दुकान चालवत होते. दुरुस्तीला येणारे कॉम्प्युटर पुन्हापुन्हा व्हायरसनेच बिघडलेले असत. धाकटे भाऊ संजय यांनी त्यावर प्रोग्राम लिहिला आणि त्यातून क्विक हील उभे राहिले. म्हणजे या रोगावरचे आपल्याकडचे मोठे औषध एका दुरुस्तीच्या दुकानातून आले. दुकानदाराला गिऱ्हाइकाच्या दुखण्याची जाण असली की काय होऊ शकते, याचे हे उदाहरण परभणीच्या दुकानदारांनी आपलेच मानावे.

त्या काळच्या आणि आजच्या व्हायरसमध्ये मोठा फरक आहे. जुना व्हायरस स्वतःला दाखवायचा. स्क्रीन काळी व्हायची, मशीन मंद व्हायचे. आजचा हेरगिरी करणारा प्रोग्राम, ज्याला स्पायवेअर म्हणतात, तो आवाजच करत नाही. कॉम्प्युटर छान चालतो, फॉर्म भरले जातात, प्रिंट निघते आणि मागच्या मागे ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड निघून जातात. लुम्मा नावाच्या अशा एका प्रोग्रामने १६ मार्च ते १६ मे २०२५ या दोन महिन्यांत जगभरातल्या सुमारे ३ लाख ९४ हजार विंडोज कॉम्प्युटरना लागण केल्याचे मायक्रोसॉफ्टने सांगितले आहे. हे प्रोग्राम पासवर्डबरोबर 'कुकीज'ही उचलतात. आपण एकदा लॉग-इन केले की ब्राउझर जी ओळखीची चिठ्ठी जपून ठेवतो, ती ही. चिठ्ठी चोरीला गेली की चोराला पासवर्ड लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही. तो थेट आत असतो. 'आमच्याकडे ओटीपी येतो, आम्हाला काय भीती' असे म्हणणाऱ्यांनी हे दोनदा वाचावे.

आता हा प्रोग्राम येतो कुठून? बहुतेक वेळा आपणच त्याला बोलावतो. आपल्या दुकानांतले फोटोशॉप, कोरल ड्रॉ, पेजमेकर, खुद्द विंडोज, यातले किती विकत घेतलेले आहे? क्रॅक टाकताना सूचना येते, 'आधी अँटिव्हायरस बंद करा', आणि आपण निमूटपणे बंद करतो. घराचे कुलूप चोराच्या सांगण्यावरून काढून ठेवण्यासारखेच आहे हे.

उर्दू वाचकांना इथे इनपेजची आठवण करून द्यायला हवी. लग्नपत्रिका, जलशाचे पोस्टर, मदरशाची पावती, उर्दू अखबार, सगळे इनपेजवर होते आणि त्याची फुकट प्रत एका दुकानातून दुसऱ्या दुकानात पेन ड्राइव्हवर फिरते. नोव्हेंबर २०१६ मध्ये कॅस्परस्की या कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिले, की इनपेजमधल्या एका उणिवेचा वापर करून हल्ले होत होते. ईमेलला इनपेजची फाइल जोडून यायची, ती उघडली की मजकुराच्या आड लपलेला प्रोग्राम चालायचा. आशिया-आफ्रिकेतल्या बँकांवर असे हल्ले झाल्याचे त्यांना आढळले. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही अशाच एका हल्ल्याचे विश्लेषण प्रसिद्ध केले, त्यातली बहुतेक लक्ष्ये पाकिस्तानात होती. म्हणजे जगात कुणीतरी बसून विचार केला होता, की उर्दू लिहिणाऱ्या माणसाच्या कॉम्प्युटरमध्ये शिरायचे तर रस्ता कोणता? आणि त्याला तो सापडला. आपल्या भाषेचे सॉफ्टवेअर छोटे आहे, तिकडे कोण लक्ष देणार, हा समज सोडून द्यावा. आज युनिकोडमध्ये नस्तालीक फॉन्ट मोफत मिळतात, लिबर ऑफिस मोफत आहे, मराठी आणि उर्दू दोन्ही त्यात नीट लिहिता येते. छपाईच्या कामाला इनपेज लागतच असेल तर ते विकत घ्यावे. लग्नपत्रिकेच्या हंगामात तो खर्च निघतो.

पैशाच्या चोरीचे उदाहरण शोधायला लांब जायला नको. पुण्याची कॉसमॉस बँक १९०६ पासूनची. ऑगस्ट २०१८ मध्ये तिच्या एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेत मालवेअर घुसवून, त्या यंत्रणेऐवजी दुसरीच खोटी यंत्रणा 'हो, पैसे द्या' असे उत्तर देत राहिली. ११ ऑगस्टला काही तासांत २८ देशांतून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले. १३ तारखेला आणखी जवळजवळ १४ कोटी हाँगकाँगच्या खात्यात वळवले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. ज्या बँकेकडे स्वतःचा संगणक विभाग होता तिथे हे घडले. मग आपल्या तालुक्याच्या पतसंस्थेत, जिथे एकाच कॉम्प्युटरवर खातेदारांची बाकी आणि व्यवस्थापकाच्या मुलाचे गेम दोन्ही चालतात, तिथे काय? २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना शिक्षा केली. पण त्यातले बरेचसे कार्डांवर पैसे काढणारे प्यादे होते.

पैसे जातात, कधीकधी परत मिळतातही. त्याहून जड गोष्ट म्हणजे आपल्या कॉम्प्युटरमधून काही जाण्याऐवजी कुणी काही आणून ठेवले तर?

भीमा कोरेगाव प्रकरणात पुणे पोलिसांनी १७ एप्रिल २०१८ रोजी रोना विल्सन यांच्या दिल्लीतल्या घरातून कॉम्प्युटर जप्त केला. त्यातल्या पत्रांच्या आधारे गंभीर आरोप झाले. जूनमध्ये विल्सन, नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग आणि इतर तिघांना अटक झाली. बचाव पक्षाच्या विनंतीवरून अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने जप्त केलेल्या डिस्कची प्रत तपासली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तिचा अहवाल समोर आला. त्यानुसार १३ जून २०१६ रोजी विल्सन यांना ओळखीच्या माणसाच्या खात्यावरून ईमेल आला. त्यातली फाइल उघडण्याचा आग्रह पुन्हापुन्हा झाला. ती उघडताच नेटवायर नावाचा दूरनियंत्रणाचा प्रोग्राम आत बसला. पुढचे २२ महिने कुणीतरी त्या कॉम्प्युटरमध्ये वावरत होते आणि लपवलेल्या एका फोल्डरमध्ये किमान १० पत्रे ठेवली गेली. तो फोल्डर विल्सन यांनी कधी उघडल्याची खूण सापडली नाही. पत्रे वर्डच्या ज्या आवृत्तीत तयार झाली होती ती आवृत्ती त्या कॉम्प्युटरवर नव्हतीच. राष्ट्रीय तपास संस्थेने हे निष्कर्ष मान्य केलेले नाहीत. न्यायालयात त्यांची परीक्षा अजून व्हायची आहे. विल्सन यांना मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये जामीन दिला, तोही खटला सुरूच होत नसल्याने. अटकेपासून तोवर साडेसहा वर्षे गेली होती.

निकाल काय लागायचा तो लागो. पण तंत्राच्या दृष्टीने अशी गोष्ट शक्य आहे, हे कुणी नाकारत नाही. एखादी फाइल माझ्या कॉम्प्युटरमध्ये आहे याचा अर्थ ती मी लिहिली असा होत नाही. पण हे सिद्ध करायला तज्ज्ञ लागतो, पैसा लागतो आणि वर्षे लागतात. ज्या घरांतली पोरे निर्दोष सुटण्याआधी तारुण्य तुरुंगात घालवून आली, त्या घरांना हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. म्हणून एक कायदेशीर गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात 'हॅश व्हॅल्यू' नोंदवावी लागते. ही त्या फाइलची किंवा डिस्कची अंकांतली ठशाची खूण समजा. नंतर एक अक्षर जरी बदलले तरी ठसा बदलतो. कुणाचेही यंत्र जप्त होत असेल तर पंचनाम्यातच ही खूण लिहून घ्या, अशी मागणी वकिलामार्फत लगेच करावी. सहा महिन्यांनी केलेल्या मागणीला तेवढा अर्थ राहत नाही.

मग रोजच्या रोज करायचे काय? सगळ्यात आधी विंडोजची आवृत्ती पाहा. विंडोज ७ ला सुरक्षा अपडेट मिळणे जानेवारी २०२० मध्येच थांबले. विंडोज १० चे १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. नोंदणी केलेल्या घरगुती यंत्रांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ मिळते, ती घ्यावी. अपडेट म्हणजे इंटरनेटचा डेटा खाणारी कटकट असे आपण मानतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने दीडशे देशांतल्या दोन लाखांवर कॉम्प्युटरच्या फाइल्सना कुलूप लावले आणि किल्लीसाठी ३०० डॉलर मागितले. त्याला अडवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याआधी दोन महिने, मार्चमध्येच दिले होते. ज्यांनी ते घेतले होते ते वाचले.

विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर हा अँटिव्हायरस आधीपासून असतो, फुकट असतो आणि घरगुती वापराला पुरतो. तो बंद करू नये, एवढेच. एका मशीनवर दोन-दोन अँटिव्हायरस टाकून ते एकमेकांशी भांडत बसतात, तेही नको. 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा' असा बोर्ड ब्राउझरमध्ये आला तर फोन मुळीच करू नका. तो बोर्ड म्हणजेच फसवणूक.

लागण झाल्याचा संशय आला तर पहिले काम इंटरनेट तोडणे. मग डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावावा. यात मशीन पुन्हा सुरू होते आणि विंडोज पूर्ण उठण्याआधीच तपासणी होते, म्हणून लपून बसलेलेही सापडते. त्यानंतरची चूक जवळजवळ सगळेच करतात. त्याच कॉम्प्युटरवर बसून पासवर्ड बदलतात, आणि नवा पासवर्डही जातो. पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून बदलावा आणि 'सगळ्या उपकरणांवरून साइन-आउट' हा पर्याय दाबावा, म्हणजे चोरलेली चिठ्ठी निकामी होते. सरकारच्या सर्ट-इन या संस्थेचे सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून सफाईची साधने मोफत देते, हेही फार थोड्यांना माहीत आहे. पैसे गेले असतील तर आधी १९३० ला फोन करावा. तासाभरात कळवले तर रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता राहते.

दुकानदार भाईंसाठी थोडे वेगळे. गिऱ्हाइकाचे लॉग-इन ब्राउझरच्या खासगी खिडकीत करा, 'पासवर्ड सेव्ह करू का' याला नाही म्हणा. कामाच्या खात्याला ॲडमिनचे अधिकार ठेवू नका, म्हणजे अनोळखी प्रोग्राम आपोआप बसणार नाही. पेन ड्राइव्ह लागला की उघडण्याआधी स्कॅन. आणि रात्री शटर ओढण्याआधी डाउनलोड्स, डेस्कटॉप, रिसायकल बिन रिकामे. व्हॉट्सॲपवर आलेले कागदही पुसायचे आणि व्हॉट्सॲप वेब बंद करायचे. दहा मिनिटांचे काम आहे. ज्या बाईने 'लाडकी बहीण'साठी आधार आणि पासबुक दिले, तिने ते फॉर्मपुरते दिले होते. वर्षभर तुमच्या डेस्कटॉपवर ठेवायला नव्हे.

सगळा दोष दुकानदाराच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. पीक विमा, शिष्यवृत्ती, शेतकरी ओळख क्रमांक, वक्फ नोंदणी, प्रत्येक गोष्ट ऑनलाइन आणि प्रत्येकाला शेवटची तारीख. सर्व्हर बंद पडतो, मुदत संपत येते आणि रात्री अकराला पन्नास माणसे एका कॉम्प्युटरसमोर उभी राहतात. त्या गर्दीत पेन ड्राइव्ह स्कॅन करायला कुणाला उसंत आहे? ज्या शासनाने लोकांना या दुकानांच्या दारात उभे केले, त्याने निदान अधिकृत केंद्रांना परवानाधारक सॉफ्टवेअर आणि वर्षातून एक तपासणी द्यायला काय हरकत आहे? वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडले आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर दीड वर्षाने लागू होणार आहेत. तोवर लोकांचे आधार कार्ड दुकानाच्या डेस्कटॉपवर पडून राहू नये, हे आपल्यालाच पाहावे लागेल. मोहल्ल्यातले कॉम्प्युटर शिकलेले तरुण सुट्टीच्या दिवशी दोन दुकाने आणि एका कमिटीचा लॅपटॉप तपासून देऊ शकतात.

हे लिहायला बसण्याआधी आम्ही आमच्याच कार्यालयातला कॉम्प्युटर तपासला. विंडोजचे अपडेट सात महिने झाले नव्हते. ब्राउझरमध्ये ४१ पासवर्ड साठवलेले निघाले. त्यातला एक चार वर्षांपूर्वी काम सोडून गेलेल्या सहकाऱ्याच्या बँक खात्याचा होता. त्यांना फोन करून सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, पासवर्ड अजून तोच आहे.